झुकतं माप

बास्माने स्टेशनाबाहेर पडलं की डावीकडे तिसरी गल्ली.
पाटीवरचं एक अक्षर सहा वर्षं पेटत नाही,
तरी चुकत कुणी नाही.
मी दर मार्चला येते, उशाकहून, सहा रात्रींसाठी.
सरकारी भत्त्यात इझमिरच्या ऐन मध्यावर
एवढंच बसतं:
चौथा मजला, खोली चारशे सात,
टेबलावर कुणाच्या तरी विसरलेल्या सिगारेटचा डाग,
खिडकीत समोरच्या चपलांच्या गोदामाची भिंत,
गरम पाणी यायला चार मिनिटं.
(मी मोजली आहेत. मोजणं हेच माझं काम.)
टॉवेल विरलेले, पण इस्त्रीचे.

लिफ्टची जाळी आपणच ओढायची.
आत लिहिलंय: तीन माणसं, किंवा दोनशे चाळीस किलो.
मी एकटी, आणि माझी पेटी:
हिरव्या मखमलीच्या खाचांत पितळी वजनं,
एक ग्रॅमपासून पाच किलोंपर्यंत.
हमाल दर वर्षी विचारतो, बाई, यात सोनं आहे का.
मी म्हणते, नाही, सोन्याची सासू.

दिवसभर बाजारात फिरते.
खाटीक, ऑलिव्हवाले, मसालेवाले, सोनार.
मी दिसले की बोलणी थांबतात,
चमचे ग्लासात थबकतात.
चहा मला कुणी विचारत नाही,
विचारला तर घ्यायचा नसतो.
काट्यावर वजन ठेवायचं, सुई बघायची.
सव्वीस वर्षांत मी शून्याच्या पुढे उभ्या असलेल्या
किती सुया पाहिल्या!
बारा ग्रॅम पुढे, वीस ग्रॅम पुढे,
आणि मागे उभा असलेला माणूस
आपल्या आईची शपथ घेत.

म्हणून संध्याकाळी रिफ्की बेंचा चहा.
आधी तळहातावर लिंबाचं कोलोन, मग चहा.
हा चालतो. हॉटेल माझ्या यादीत नाही.

या वर्षी पाऊस लागला,
आणि एका दुकानात लोणच्याचं पिंप कलंडलं माझ्या कोटावर.
कपडे घेऊन तळघरात गेले.
धुलाई किलोवर. सबाहतनं गाठोडं
आकड्याला अडकवायच्या आधी
मी सवयीनं रिकाम्या काट्याकडे पाहिलं.

सुई शून्याच्या मागे होती.

मागे. मी चष्मा पुसला.
रात्री, सगळे झोपल्यावर, पेटीतलं दोन किलोंचं वजन
पदराआड नव्हे, स्वेटरखाली लपवून खाली नेलं,
चोरासारखं. (पदर आमच्याकडे नसतो,
पण चोरी तीच.)
दोन किलो: एक किलो सहाशे.
पाच किलो: चार किलो सहाशे.
खोटं बोलत होता,
पण दर वेळी तेवढंच.

सकाळी रिफ्की बेंना विचारलं.
ते किल्ल्या पुसत होते.
"ते होय? लोक पावसातून भिजून येतात.
पाण्याचे पैसे कसले घ्यायचे."
"आणि उन्हाळ्यात?"
"उन्हाळ्यात घाम."

नियमात सूट नाही.
कमी असो की जास्त, चूक ती चूक.
लाल लाख माझ्या पर्समध्ये होती,
शिक्काही होता.
मी दुसरा चहा मागितला.

त्या दिवशी बाजारात एका खाटकाचा काटा बंद केला,
अठरा ग्रॅम पुढे.
तो बरंच काही बोलला. मी लाख तापवत राहिले.
मापात पाप, मी मनात म्हटलं,
आणि मनातच अडखळले,
कारण तळघरातलं ते काय होतं,
त्याला शब्द मला सापडेना.

शेवटच्या सकाळी बिल आलं.
सहा रात्री, न्याहारी धरून,
धुलाई एक किलो शंभर.
माझे कपडे दीड किलो होते,
कोट ओला होता.
मी पैसे दिले, पावती घडी करून ठेवली,
वरचे चारशे ग्रॅम कुठल्या खात्यात लिहायचे
ते अजून ठरलेलं नाही.

"पुढच्या मार्चलाही चारशे सात," मी म्हटलं.
रिफ्की बेंनी वही उघडली
आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं.
त्यांच्याकडे पेन असतं, खिशाला, निळं.
पण पुढची खोली ते पेन्सिलीनंच लिहितात,
म्हणजे कुणी आलं नाही
तर खोडता येतं,
पैसे पडत नाहीत.